बटणमामांची वीजबचत

सरकारी कार्यालयात कोणी आपण होऊन काम मागितलं, की बाकीच्यांना आधी त्याच्या तब्येतीची काळजी वाटते. वजनमापे कार्यालयाच्या हेडक्लार्कनी भर बैठकीत हात वर केला, तेव्हा आवकजावक सांभाळणाऱ्या ताईंनी त्यांच्याकडे वाकून हळूच विचारलं, चक्कर येतेय का, पाणी मागवू का.

चक्कर नव्हती. विषय वीजबचतीचा होता. वरून फर्मान आलं होतं की, कार्यालयातल्या संगणकांवर फार वीज जाते, ती कमी करा. सगळ्या कार्यालयांची विजेची बिलं एकाखाली एक मांडून पाहिली होती आणि त्यात वजनमापे कार्यालयाचा नंबर पहिला आला होता. या कार्यालयाचा कशातही पहिला नंबर येण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे दोघातिघांना अभिमान वाटून गेला. कार्यालयाच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी तो लगेच उतरवला. त्या म्हणाल्या की पुढच्या तिमाहीत बिल उतरलं नाही तर कामकाज संपायच्या ठोक्याला मेन स्विच खाली ओढायचा आणि इमारतीला कुलूप लावायचं, असा वरचा आदेश आहे.

ही धमकी आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. ठोक्याला कुलूप म्हणजे ठोक्याला सुटका. निरीक्षकांनी तर विचारलं की हे आजपासूनच करता येणार नाही का.

एकट्या हेडक्लार्कना ही सुटका नको होती.

त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून ते संध्याकाळी कार्यालयातच बसत. काम काही नसे. दिवसाचं काम त्यांनी आयुष्यभर दिवसाच संपवलं होतं. पण घरी जायचं म्हणजे खिशातून किल्ली काढून दार उघडायचं, आणि इतक्या वर्षांत त्यांना त्या दाराची किल्ली कधी लागलीच नव्हती. दार आतून उघडायचं. म्हणून ते अंधार पडेपर्यंत टेबलाशी बसत, जुन्या फायलींची नाडी सोडत आणि पुन्हा बांधत. शिपाई बाहेरच्या बाकावर डुलक्या काढत थांबे आणि कधी तक्रार करत नसे. ठोक्याला कुलूप लागलं असतं तर या माणसाची संध्याकाळ गेली असती. आणि ती नेऊन ठेवायला त्यांच्याकडे दुसरी जागा नव्हती.

म्हणून त्यांनी हात वर केला आणि वीजबचतीचं काम अंगावर घेतलं. बिल उतरवायचं आणि कुलूप टाळायचं, एवढा साधा हिशेब होता.

मुलीला फोनवर ही बातमी सांगितली तेव्हा ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि वीजबचत? आई तुमच्या मागे मागे खोल्यांतले दिवे बंद करत फिरायची."

ते खोटं नव्हतं. न्हाणीघरातून स्वयंपाकघरात, तिथून बाहेरच्या खोलीत, जिथून हेडक्लार्क जात तिथला दिवा जळत राही आणि मागून एक हात येऊन बटण खाली करी. त्यांना वाटत आलं होतं की दिवे आपोआपच बंद होतात.

हेडक्लार्कच्या घराखालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहत. वीजमंडळातून निवृत्त झाल्यापासून त्यांना वीज भेटेनाशी झाली होती, म्हणून ते शेजाऱ्यांच्या घरात शिरून अर्थिंग तपासत. हेडक्लार्कनी सल्ला विचारला तेव्हा त्यांनी आधी खुर्ची ओढून घेतली, मग चष्मा पुसला, मग सांगितलं की, आधी मोजा. कुठे किती जाते ते कळल्याशिवाय काही कापू नका. हे मोजायचं एक यंत्र माझ्याकडे आहे, म्हणाल तेव्हा आणून लावतो.

आता ज्या खात्याचं सगळं पोट मोजण्यावर चालतं, जे खातं गावभरच्या दुकानदारांचे तराजू उचलून पाहतं, त्या खात्याच्या हेडक्लार्कला हे पटायला हवं होतं. पण काखेत कळसा असला की गावाला वळसा घालावाच लागतो. त्यांना घाई होती. त्यांनी विचारलं, मोजत बसण्यापेक्षा झटपट काही नाही का? इंजिनियर नाखुशीनं म्हणाले, मग संगणकांना झोपवा. पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की पडदा आपोआप काळा व्हायला हवा. संगणकाच्या पोटात तशी सोय असते.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनी एकेका टेबलाशी जाऊन ती सोय चालू केली. शिपायानं त्याच दिवशी त्यांचं नाव बटणमामा ठेवलं, आणि ते जेवणाच्या सुट्टीच्या आत मॅडमपर्यंत पोचलं.

इथे या कार्यालयाची एक रीत सांगायला हवी. तिथले संगणक बसवल्या दिवसापासून कोणी बंद केले नव्हते. याला आळस म्हणायचं तर म्हणा, पण त्यामागे शास्त्र होतं. पडदा उजळलेला असला की माणूस जागेवर आहे असं धरायचं. खुर्चीवर कोट, टेबलावर चष्म्याचं घर आणि समोर उजळलेला पडदा. एवढं असलं की साहेब आहेत का या प्रश्नाला शिपाई बेधडक सांगे, आहेत ना, हे काय, संगणक चालू आहे, आत्ताच उठले. निरीक्षक तर या रीतीवर कित्येक वर्षं नोकरी करत होते. त्यांचा कोट त्यांच्यापेक्षा जास्त वेळ कार्यालयात असे. कोटाला पगार नव्हता, एवढाच काय तो अन्याय.

त्या दिवशी सकाळचा चहा होईस्तोवर जवळजवळ सगळे पडदे काळे झाले. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या तर समोर काळ्या पडद्यांची रांग, आणि प्रत्येक पडद्यामागे रिकामी खुर्ची. खुर्च्या रोजच रिकाम्या असत. त्या आज पहिल्यांदा दिसल्या. मॅडमनी काही न बोलता घड्याळाकडे पाहिलं आणि आत गेल्या. हे न बोलणं माणसांना फार लागतं. चहाच्या टपरीवरून सगळे धावत आले.

आले, माऊस हलवला, पडदे उजळले आणि त्यांवर एकच प्रश्न आला. पासवर्ड सांगा.

पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. संगणक बसवले तेव्हा एका लिपिकानं सगळ्यांचे पासवर्ड घातले होते. पुढे त्याची बदली झाली, बदलीच्या गावाहून तो परदेशी मुलाकडे गेला, आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेले. आजवर कधी ते लागले नव्हते. हेडक्लार्कनी मुख्य कार्यालयाच्या संगणक कक्षात फोन केला. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं आणि नवीन पासवर्डसाठी ऑनलाइन अर्ज करा म्हणून सांगितलं. हेडक्लार्क म्हणाले, संगणक उघडत नाही म्हणून तर पासवर्ड हवाय. तो म्हणाला, मग तसं अर्जात लिहा. बाहेरच्या संगणकावरून चालेल का, असं विचारलं तर चालणार नव्हतं. अर्ज कार्यालयाच्याच संगणकावरून यायला हवा होता.

हेडक्लार्कनी फोन खाली ठेवला. एवढ्यात कोपऱ्यातून शिपायाचा आवाज आला की याचा दिवा अजून चालू आहे. तो ताईंचं टेबल पुसत होता. पुसता पुसता त्याचं फडकं माऊसवरून फिरत होतं, आणि तेवढ्यापुरता ताईंचा संगणक जागा राहिला होता.

मग त्या एका संगणकाभोवती जी धांदल उडाली ती अत्यवस्थ माणसाच्या खाटेभोवती उडावी तशी होती. शिपायाला कोणी फडकं उचलू देईना. अर्ज भरायला दोघे, माऊस हलवायला एक, आणि हलवणाऱ्याचा हात दुखला की बदली दुसरा. संगणक कक्षाकडून उत्तर येईपर्यंत तो डोळा मिटता कामा नये म्हणून जेवणाच्या सुट्टीतही पाळी लावली. ताईंनी एका हातानं डबा खाल्ला. दुपार कलल्यावर पासवर्ड आले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

पण एवढ्या धडपडीत कार्यालयाला एक गोष्ट कळली. सतत काहीतरी हलत किंवा दाबलेलं राहिलं, तर संगणक झोपत नाही. आणि सरकारी माणसाला एकदा पळवाट दिसली की तो तिचा हमरस्ता करतो.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर हेडक्लार्क नेहमीप्रमाणे बसले. हॉल मोठा, दिव्यांचं बटण मात्र एकच. लावले तर सगळे दिवे लागत, नाहीतर एकही नाही. आजवर दिव्यांखाली सगळे पडदेही उजळलेले असत. आज ते काळे होते. हेडक्लार्कनी फाईल सोडली, बांधली. पुन्हा वर पाहिलं. मग उठले, ताईंच्या टेबलाशी गेले आणि माऊसला बोट लावलं. पडदा उजळला. ताई जागेवर. निरीक्षकांच्या माऊसला बोट लावलं. निरीक्षक जागेवर. असं करत ते हॉलभर फिरले आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसले. आता बरं वाटत होतं. पाच मिनिटांनी पहिला पडदा काळा झाला, तसे ते पुन्हा उठले.

ही आपण योजनेची तपासणी करत आहोत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. शिपायानं दारातून एकदा डोकावून पाहिलं आणि तो परत बाकावर जाऊन बसला. बटणमामांची ती तपासणी त्या दिवसापासून रोज चालू झाली.

इकडे दिवसा पळवाटेवर रहदारी सुरू झाली. पहिला शोध ताईंनी लावला. कळफलकावरची एखादी कळ दाबून ठेवली तरी काम होतं. दाबायला काय ठेवायचं? वजनमापे कार्यालयात हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. मखमलीच्या पेटीत पितळेची प्रमाण वजनं होती. गावातली सगळी वजनं ज्या वजनांशी ताडून पाहायची, ती ही वजनं. त्यांना उघड्या हाताचा घामही लागू द्यायचा नाही, फडक्यात धरूनच उचलायची, असा नियम. ताईंनी नियम पाळला. फडक्यात धरूनच त्यांनी पन्नास ग्रॅमचं वजन कळीवर ठेवून पाहिलं. हलकं पडलं. शंभराचं बरोबर बसलं. ही गोष्ट एकीकडून दुसरीकडे गेली आणि दोन दिवसांत पेटी रिकामी झाली. निरीक्षकांच्या वाट्याला मोठंच वजन आलं. त्यांच्या हुद्द्याला ते शोभलं, पण त्यांची कळ कायमची आत गेली.

हेडक्लार्कना हे दिसत होतं, पण ते बोलले नाहीत. खरं सांगायचं तर उजळलेले पडदे त्यांच्याही डोळ्यांना बरे वाटत.

एके दुपारी एक किराणा दुकानदार खांद्यावर तराजू घेऊन धापा टाकत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं विचारलं, साहेब, माझं असं काय चुकलंय? त्याच्या मोबाईलवर कार्यालयाकडून एकसारखे निरोप येत होते की, आपल्या तराजूची मुदत संपत आहे, तपासून घ्या. पहिला आला तेव्हा त्यानं दुर्लक्ष केलं. दहावा आला तेव्हा घाबरला. त्यानंतरही थांबेनात, तेव्हा दुकान मुलाच्या हवाली करून जो तराजू उचलला तो थेट इथे. ताईंच्या पडद्यावर त्याचंच नाव उघडं होतं, खाली प्रश्न होता की निरोप पुन्हा पाठवायचा का, आणि होकाराच्या कळीवर शंभर ग्रॅमचं वजन बसलं होतं. ताई जेवायला गेल्या होत्या. वजन कर्तव्य बजावत होतं.

आता आलाच आहे तर तराजू तपासून देऊ, असं हेडक्लार्कनी ठरवलं आणि पेटी उघडली. आत नुसती मखमल. मग दुकानदाराच्या डोळ्यांदेखत शिपाई हातात फडकं घेऊन टेबलाटेबलांवरून वजनं गोळा करत फिरला. दुकानदारानं सगळं पाहिलं. आयुष्यभर या खात्याला भ्यायलेला माणूस तो. आज पहिल्यांदा त्याच्या पाठीचा कणा ताठ झाला. म्हणाला, "आमच्या वजनाला चिखल लागला तरी तुम्ही दंड करता. आणि तुमची वजनं इथे काय तोलतायत?"

शिपायानं हातातलं वजन फुंकून पेटीत ठेवलं. "हजेरी," तो म्हणाला.

मॅडम केबिनच्या दारात उभ्या होत्या. त्या संध्याकाळी पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये गेली. हेडक्लार्कना आत बोलावून त्यांनी एवढंच विचारलं की, वीजबचतीचं काम तुम्ही मागून घेतलं होतंत ना? या प्रश्नाला होय हे उत्तर देणं फार कठीण असतं.

वजनं गेली तसे पंखे आले. हा शोध निरीक्षकांचा. मान फिरवणारा टेबलपंखा घ्यायचा, त्याच्या जाळीला दोरा बांधायचा, दोऱ्याचं दुसरं टोक माऊसला. पंखा मान वळवी तसा माऊस टेबलावर इकडून तिकडे सरके. निरीक्षक कितीही लांब असले तरी त्यांच्या टेबलावर अखंड काम चालू असल्यासारखं दिसे. एका अभ्यागतानं तर शेरा मारला की माणूस दिसत नाही पण कामसू दिसतो. आठवड्याभरात टेबलाटेबलाशी पंखे माना डोलवू लागले.

दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. दारं बंद, खिडक्या बंद आणि आत सगळे पंखे पूर्ण वेगात. माणसं स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून बसू लागली. ताईंना शिंका सुरू झाल्या. त्यांनी घरून हीटर आणला. एकीच्या पायाशी हीटर पाहून दुसऱ्याचेही पाय गारठले. बघता बघता वर पंखे आणि खाली हीटर असा बंदोबस्त झाला. संगणकाला झोप लागू नये म्हणून पंखा, पंख्यानं थंडी वाजू नये म्हणून हीटर. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तेही दोन बाजूंनी.

तिमाही बिल आलं. ते उतरलं नव्हतं. ते चढलं होतं.

हेडक्लार्कनी ते बिल हातात धरून बराच वेळ पाहिलं. अपमान तर होताच. वीजबचत अंगावर घेऊन वीज वाढवणारा माणूस म्हणून खात्यात त्यांचं नाव राहिलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर नाव नव्हतं, कुलूप होतं. त्यांनी त्याच पावली सगळ्यांचे पंखे आणि हीटर उचलायला लावले, दोरे स्वतःच्या हातानं कापले आणि मॅडमकडे जाऊन थोडी मुदत मागितली. मॅडमनी थोडी दिली. हेडक्लार्क तडक घरी आले ते खालच्या मजल्यावर. इंजिनियरनी त्यांना पाहताच, काही न विचारता, कपाटातून यंत्र काढलं.

यंत्र मेन स्विचपाशी बसवलं. दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज जाते हे त्यात आपोआप नोंदलं जाई. काही दिवसांनी इंजिनियर आलेख घेऊन कार्यालयात आले. मॅडमनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. इंजिनियरनी आलेख भिंतीला चिकटवला, खुर्ची ओढून घेतली, चष्मा पुसला. हेडक्लार्कना तो चष्मा कधी पुसून होतो असं झालं होतं. पंखे गेले, हीटर गेले, आता कुठे वीज जाते ते कळलं की ते बंद करू, बिल उतरेल आणि आपली संध्याकाळ वाचेल.

इंजिनियरनी पेन्सिल टेकवली. हे सकाळचं, ठीक आहे. हे दुपारचं, तेही ठीक आहे, उलट बरंच कमी झालंय, संगणकांना झोपवल्याचा गुण आहे. पण हे बघा. कामकाज संपल्यावर रेघ खाली यायला हवी, ती इथे उलट वर चढतेय. दिवसापेक्षा जास्त. सगळ्या हॉलचे दिवे चालू आहेत आणि सगळे संगणक, एकूण एक, दर पाच मिनिटांनी कोणीतरी जागे करतंय. रोज. अंधार पडेपर्यंत. तुमची सगळी वीज इथे जाते.

मग त्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं, "संध्याकाळी इथे कोण बसतं?"

  कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि राखणीचं काम कुंपणानं मागून घेतलं होतं. त्यांनी आलेखाकडे पाहिलं. ती चढलेली रेघ म्हणजे त्यांची वर्षभराची संध्याकाळ होती. ती अशी भिंतीवर लावलेली, सगळ्यांसमोर.

"मी बसतो," निरीक्षक म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ज्या माणसाला त्या इमारतीत कोणी भर दुपारी बसलेलं पाहिलं नव्हतं, तो छातीवर हात ठेवून सांगत होता की आपण संध्याकाळी बसतो.

"दिवसा फिरतीवर असतो ना," निरीक्षक म्हणाले, "म्हणून मग संध्याकाळी."

"मी पण असते," ताई म्हणाल्या. "आवक फार साठते." त्या ठोक्याला पहिल्या बाहेर पडत, हे मॅडमना माहीत होतं आणि मॅडमना माहीत आहे हे ताईंना माहीत होतं.

शिपाई म्हणाला, मी तर असतोच. एवढं एकच त्या खोलीत खरं होतं.

 हेडक्लार्कना आता तिथे उभं राहवेना. ही माणसं आपल्यासाठी खोटं बोलतायत आणि आपण गप्प उभे आहोत. आणि त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली की, यांना सगळ्यांना माहीत आहे. पहिल्यापासून माहीत होतं. रोज सकाळी येऊन आपल्या टेबलावरचा माऊस हललेला पाहत असतील, आणि कोणी एका शब्दानं विचारलं नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "मी बसतो. मीच जागे करतो सगळे संगणक."  मग जे होतं तेच सांगितलं. "घरी कोणी नाही."

इंजिनियरनी पेन्सिल खिशात घातली. 

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं, मग टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. त्या म्हणाल्या, "उद्यापासून ठोक्याला मेन स्विच खाली जाईल. मला वर उत्तर द्यावं लागतं." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "बाकी या खोलीत कोण काय बोललं ते मी कुठे लिहिणार नाही."

पुढे बिल उतरलं. वरून शाबासकीचं पत्र आलं, त्यात हेडक्लार्कच्या झोपेच्या योजनेचं कौतुक होतं आणि इतर कार्यालयांनी ती राबवावी असं लिहिलं होतं. ती राबवणाऱ्यांचं काय झालं ते आपल्याला माहीत नाही. पण ते सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी मात्र ठोका पडला, शिपायानं हॉलभर एकदा पाहिलं आणि मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले, संगणक गेले आणि इतक्या वर्षांत सवय झालेली ती बारीक घरघरही गेली. हेडक्लार्क पिशवी घेऊन बाहेर आले. शिपायानं कुलूप लावलं. हेडक्लार्क पायऱ्यांवर उभेच राहिले, जणू काहीतरी आत विसरलंय.

खाली अंगणात निरीक्षक, ताई आणि पाठोपाठ येऊन पोचलेला शिपाई असे तिघे उभे होते. कोणी घरी जाईना. हेडक्लार्कनी विचारलं, काय झालं?

ताई म्हणाल्या की, अडचण झालीय. काल मॅडमसमोर आम्ही सांगितलं की आम्ही संध्याकाळी बसतो. मॅडम कधीही विचारतील. सरकारी माणसानं बोललेलं खोटं नोंदीत खरं ठरायला हवं, नाहीतर पेन्शनला त्रास होतो. तेव्हा कुठेतरी बसायला हवं.

"कुठे बसायचं ते सांगा," निरीक्षक म्हणाले. "इथे तर कुलूप आहे."

हेडक्लार्कना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी खिशातली किल्ली चाचपली आणि रस्त्याकडे पाहत म्हणाले, "माझं घर जवळ आहे."

घरी जे झालं त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. चौघं बाहेरच्या खोलीत बसली आणि कोणाला काही बोलायला सुचेना, कारण एकमेकांशी ती आजवर कार्यालयाशिवाय काही बोललीच नव्हती. हेडक्लार्क चहा करायला गेले तर कपबशा सापडेनात. ताईंनी आत येऊन कपाटं उघडून पाहिली. कपबशा सगळ्यात वरच्या फळीवर, कागदात गुंडाळलेल्या. वर्षभरात त्या घरात एका कपाच्या वर चहा झाला नव्हता. चहा फार गोड झाला. निरीक्षक म्हणाले, आमच्याकडे याला पाक म्हणतात, आणि दुसऱ्यांदा मागितला. मग शिपायानं किराणा दुकानदाराची नक्कल केली, त्यावरून ताईंनी निरीक्षकांच्या पंख्याची केली, त्यावर निरीक्षकांना राग आला, राग आल्यावर ते खरं बोलू लागले, आणि दुपारी ते नेमके कुठे जातात हे कार्यालयाला पहिल्यांदा कळलं. ते घरी जाऊन झोपत.

खालच्या मजल्यावरून इंजिनियर वर आले. एवढा आवाज कसला म्हणून आलो, असं ते म्हणाले, पण येताना त्यांनी स्वतःची खुर्ची आणली होती.

निघायची वेळ झाली तेव्हा सगळे दारात चपला शोधत उभे राहिले. निरीक्षक म्हणाले, मग उद्या याच वेळेला. ताई म्हणाल्या, मी येताना साखर मोजायला चमचा आणते.

हेडक्लार्कनी मागे वळून खोलीकडे पाहिलं. खुर्च्यांवर कपडे टाकलेले होते, कोपऱ्यात वर्तमानपत्रांचा ढीग, खिडक्यांच्या पडद्यांवर वर्षाची धूळ. दिवसभर आणि संध्याकाळभर बाहेर राहणाऱ्या माणसाला हे कधी दिसलं नव्हतं.

"उद्या नको," ते म्हणाले. "परवा या. उद्या मला घरी काम आहे."